घाणेरी, भारंगी आणि माझं बंद नाक

आधी चंद्राकाकीचं नाव घेतो, मग प्रवासाचं सांगतो. संगमेश्वरापासून तीन कोस आत एक वाडी आहे, तिथली ही काकी. नवरा मुंबईला गिरणीत, घरी दोन गाई, भाताचं एक खाचर आणि जीभ अशी की कोयत्याला धार लावायची गरज पडू नये. ती नसती तर मी चौथ्या दिवशी गाठोडं उचलून मंगळवेढ्याला परत आलो असतो, आणि आज तुम्हाला रत्नागिरी जिल्ह्याच्या गमती सांगण्याऐवजी मेहुण्याची बोलणी खात बसलो असतो. दुसरे आभार संगमेश्वरच्या बाजारपेठेतल्या इस्माईलचाचांचे. तिसरे त्या वाडीच्या वाघजाई देवीचे मानायला हवेत, पण तिनं माझ्याबद्दल एक शब्दही बोलायला नकार दिला. ते पुढं येईलच.

आमच्याकडचे लोक कोकणात फारसे जात नाहीत. गेलेच तर गणपतीपुळ्याला जातात, समुद्र बघून भितात आणि नारळ घेऊन परत येतात. मी गेलो तो नोकरीसाठी, आणि नोकरी मिळवली ती थाप मारून.

थाप

मी पाचवीत शाळा सोडली. पुढं दोन ठिकाणी काम धरलं आणि दोन्हीकडून सुटलो. शेवटी मेहुण्याच्या ओळखीनं एका जंगलखात्यातल्या साहेबांपुढं उभा राहिलो. साहेबांना एक तात्पुरता मुकादम हवा होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका देवराईत घाणेरी माजली होती. राईतल्या जुन्या झाडांचं बी त्यांना रोपवाटिकेसाठी पाहिजे होतं, पण घाणेरीच्या जाळीखाली बी पडलं की तिथंच मरे, एक रोप वर येईना.

साहेबांनी विचारलं, "घाणेरी ओळखतोस?"

मी म्हणालो, "ओळखतो की."

ओळखत नव्हतो. आमच्या मुलखात बाभूळ, बोर आणि उन्हाळा एवढंच उगवतं. कुणाच्या कुंपणाला कधी घाणेरी असेलही, पण माझं लक्ष नव्हतं. साहेबांनी कागदात दाबून वाळवलेलं एक पान दाखवलं आणि सांगितलं, "चौकोनी दांडा, समोरासमोर पानं, पानाच्या कडेला करवतीसारखे दात. बाकी तुला माहीत आहेच." बाकीचं मला मुळीच माहीत नव्हतं, पण आता विचारायचं कसं? मी त्या तीन खुणा पाढ्यासारख्या घोकल्या. चौकोनी दांडा, समोरासमोर पानं, करवतीचे दात.

साहेब शेवटी म्हणाले, "पंधरा दिवसांनी मी येतो. राई साफ असली तर रोपवाटिकेत कायम करतो. नसली तर तुझी वाट तुला माहीत आहे."

वाट माहीत होती. ती मेहुण्याच्या ओसरीवर जात होती.

संगमेश्वर

कोल्हापूरपासून पुढची एस.टी. घाट उतरली तशी माझी सर्दी चढली. हवेत इतकं पाणी असतं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं पाणी विहिरीत असतं, तेही वाकून बघावं लागतं. इकडं सदरा नुसता अंगात घातला तरी ओला. संगमेश्वरला उतरलो तेव्हा माझं नाक पूर्ण बंद झालं होतं, आणि पुढचे आठ दिवस ते बंदच राहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

खुणा करायला चुना हवा होता म्हणून बाजारपेठेतल्या एका दुकानात शिरलो. दुकानदार म्हणजे इस्माईलचाचा. वीस वर्षं बोटीवर काढून गावी परतलेले, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांनी चुना तोलला आणि विचारलं, "पान खायला एवढा चुना? दात पडतील."

मी मोठ्या रुबाबात सांगितलं की सरकारी काम आहे, घाणेरी काढायला आलोय.

चाचा इतके हसले की तराजू हलला. "अरे बाबा, ती मला प्रत्येक बंदरात भेटलीय. कोलंबोला होती, मोंबासाला होती. गोऱ्या लोकांनी फुलं बरी दिसतात म्हणून कुंड्यांत लावली. कुंडीतनं कुंपणात, कुंपणातनं डोंगरात. मी वीस वर्षांत जेवढी दुनिया बघितली, तेवढी ह्या झुडपानं बघितली. फरक एवढाच, मी घरी परत आलो, ही जिथं उतरली तिथं राहिली."

"म्हणजे बाहेरचं जे येईल ते वाईटच म्हणायचं," मी आपलं शहाणपण पाजळलं.

"छट्! तो काजू बघ." दुकानामागं काजूचं झाड होतं. लाल-पिवळी बोंडं लगडली होती आणि प्रत्येक बोंडाखाली एक हिरवी बी टोपीसारखी लटकत होती. "तो पण बोटीनंच आला, फिरंग्यांच्या. पण त्यानं आम्हाला खायला घातलं. पावणा कुठला त्याला काय करायचंय? आल्यावर घरच्यांना जागा ठेवतो की नाय, ते बघायचं."

बोलता बोलता चाचा आत गेले. मी विचार केला, काजू म्हणजे काजू, आमच्याकडं लग्नातसुद्धा चार मिळतात, इथं झाडाला मोफत लटकलेत. एक हिरवी बी तोडली आणि दाढेखाली धरून फोडली.

ज्यांनी ओली काजूबी कधी दातानं फोडली नाही त्यांना सांगतो, फोडू नका. तिच्या सालीत जो चीक असतो तो तोंडात विस्तव ठेवल्यासारखा लागतो. चाचा बाहेर आले तेव्हा माझे ओठ वांग्यासारखे झाले होते. त्यांनी खोबरेल आणून दिलं आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "अल्ला! सरकारनं झाडं ओळखायला हा माणूस पाठवलाय."

वाडी

अशा रीतीनं बंद नाक आणि सुजलेले ओठ घेऊन मी वाडीत पोचलो. गावानं माझी सोय चंद्राकाकीच्या पडवीत केली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काजू चावलास?"

मी मान हलवली.

"देशावरचा?"

मी पुन्हा मान हलवली.

"बस. पेज देते. चावायला लागत नाय."

पेज म्हणजे पातळ शिजवलेला भात, त्याच्या पाण्यासकट. आमच्याकडं हे आजारी माणसाला देतात. इथं धडधाकट माणसं सकाळी पेज पिऊन दुपारपर्यंत डोंगर चढतात. दुपारी कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि कोकमाचं सार. भाकरी इतकी पांढरी आणि मऊ की मला ती भाकरी वाटेचना. मी म्हणालो, "काकी, आमच्या जोंधळ्याच्या भाकरीत कसा जोर असतो."

"मग तो जोर दिसत कसा नाय?" काकी म्हणाली. "मी जोंधळा झाडावर कसा येतो ते कंदी बगितलं नाय हां."

"झाडावर नाही, ताटावर येतो," मी म्हणालो. आमच्याकडं जोंधळ्याच्या धाटाला ताट म्हणतात.

"आमच्याकडं ताटावर जेवतात," काकी म्हणाली, आणि पडवीतल्या बाया फिदीफिदी हसल्या.

त्या बाया म्हणजेच माझे मजूर. वाडीतले पुरुष मुंबईला, म्हणून कामाला बारा बाया आल्या होत्या, आणि त्यांची पुढारी अर्थातच काकी. पहिले दोन दिवस आम्ही राईच्या बाहेरची उतरण साफ केली. तिथली घाणेरी वैशाखाच्या उन्हानं करपलेली होती. पानं झडलेली, नुसते काटेरी फोक उरलेले. बायांनी कोयते असे चालवले की मला मुकादमी करायला काही उरलंच नाही. मी बाजूला उभा राहून "हां, असंच" म्हणायचो. त्या जे करणारच होत्या ते मी करायला सांगायचो. मला वाटलं, मुकादमी सोपी आहे.

फक्त एकदा काकी म्हणाली, "नुसती तोडून काय होणार? पावसात दुप्पट फुटंल. मूळ काढाय हवं." मी वहीत लिहून घेतलं, जणू मलाच सुचलं होतं.

राईच्या आत

तिसऱ्या दिवशी आम्ही राईपाशी आलो. ऐन, किंजळ, बेहडे, चार माणसांच्या कवेत न येणारे बुंधे, आणि त्यांच्यावरून मांडीएवढ्या जाड वेली लोंबत होत्या. मी आयुष्यात एवढी सावली एका जागी पाहिली नव्हती. पण खाली बघाल तर घाणेरीची भिंत. राईच्या मधोमध वाघजाईचं कौलारू देऊळ, त्याच्या मागं बारमाही झरा. देवळाची वाट गुरवानं वापरून वापरून मोकळी ठेवली होती, देवळामागून झऱ्यापर्यंत वाकून जाण्याएवढी एक फटही राखली होती, पण डोक्यावर घागर घेऊन जायची झऱ्याची वाट घाणेरीनं गिळली होती. वाडीच्या बाया पाण्याला राईला वळसा घालून थेट नदीवर जायच्या.

हद्दीच्या दगडापाशी सगळ्या बाया थांबल्या.

"चला आत," मी म्हणालो.

"आत आमी येत नाय," काकी म्हणाली. "देवीची राई हाय. आतली वाळकी काटकी पण कौल घेतल्याबिगर उचलीत नाय. आणि लोखंड तर नायच नाय. गुरवाला विचार."

"पण गावानं साहेबांना होकार दिलाय!"

"गाव काय बोलला?"

"बघू म्हणाला."

बाया पुन्हा हसल्या. इकडचा माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, बघू म्हणतो, एवढं तीन दिवसांत मलासुद्धा कळायला हवं होतं. साहेबही देशावरचे. त्यांनी तो होकार धरला होता.

पंधरातले तीन दिवस गेलेले. मला वाटलं, बाया कामचुकारपणा करताहेत. स्वतः करून दाखवलं की येतील. मी अंगाभोवती पोतं गुंडाळलं, हातात पहार घेतली आणि घाणेरीच्या बुडातून रांगत आत घुसलो. काटे पाठीवर, कानावर, धोतराला. दहा-पंधरा हात रांगल्यावर मोकळं झालं आणि समोर झरा. झऱ्याच्या काठाला ओलीवर सात-आठ झुडपं उभी होती. हिरवीगार, टवटवीत, लांब पानांची.

मी जवळ गेलो. दांडा? चौकोनी. पानं? समोरासमोर. कडेला? करवतीचे दात.

आता माझा विचार ऐका. बाहेरची ती काटेरी, करपलेली, पानं झडलेली. तिची पानं समोरासमोर होती की नव्हती, कोण सांगणार? ही मात्र साहेबांच्या वर्णनाला अक्षरशः उतरलेली. म्हणजे ही असली घाणेरी, मूळ ठाण्यावरची. बाहेरची सगळी हिची पिलावळ. हिला उपटलं की मोहीम फत्ते!

मी पहार घातली. पहिल्याचं मूळ मनगटाएवढं निघालं. ते बघून माझी खात्रीच पटली. तेवढ्यात वरच्या टेकाडावर चढलेल्या बायांचा गलका ऐकू आला. सगळ्या हात हलवत ओरडत होत्या, "भारंगी! भारंगी!" हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, हे इकडचं शाबास असावं. मी हात हलवून उत्तर दिलं आणि दुसऱ्याला पहार घातली.

चार झुडपं निघाली तेव्हा देवळाकडून गुरव धावत आला. सखाराम गुरव, साठीचा, काटकुळा माणूस. त्यानं माझ्याकडं बघितलं, पहारीकडं बघितलं, उपटलेल्या झुडपांकडं बघितलं आणि त्यातलं एक उचलून उराशी धरलं. त्याच्या मागून, देवळाच्या वाटेनं, काकी आली.

"मेल्या, काय केलंस हे?"

"घाणेरी काढली," मी म्हणालो.

काकीनं उपटलेल्या झुडपाचं एक पान घेतलं, चुरगळलं आणि माझ्या नाकाशी धरलं. "हुंग."

"वास येत नाही."

तिनं माझ्या पोत्याला अडकून आलेलं, सावलीतल्या काटेरी जाळीचं एक पान काढलं, तेही चुरगळलं. "आता ह्ये हुंग."

"ह्यालाही येत नाही. सर्दी आहे, काकी."

तिनं दोन्ही पानं खाली टाकली. "नावातच घाण हाय तिच्या. आंधळा पण वासावर सांगंल. आणि तू नाक बंद करून आलास!" मग तिनं माझं बोट धरून घाणेरीच्या दांड्यावरून उलटं फिरवलं. आकड्यासारखे बारीक काटे टचकन रुतले. "हिला आकडे. भारंगीला हायत? हिची पानं दोन-दोन, खरखरीत. भारंगीची बग, कितीतरी पेरांवर तीन-तीन. हिच्या पाल्याची भाजी खातो आमी. बाकीच्या रानात ती या दिवसांत वाळून जाते, ह्या ओलीवर तेवढी हिरवी ऱ्हाते. पावसाळ्यात पयली जुडी हितली काढून देवीला दाखवायची, मग गावानं खायची. माजी सासू, तिची सासू, सगळ्यांनी हितलीच काढली."

चार मुळं माझ्या पायाशी पडली होती. मला रडू यायला लागलं, पण ओठ सुजलेले असल्यामुळं ते नीट दिसलंही नसेल.

गुरव हळूच बोलला, "राईत लोखंड लागलं. उद्या कौल लावाय हवा. हा मुकादम ऱ्हातो की जातो, ते आई सांगंल."

कौल

त्या संध्याकाळी मी काकीला सगळं सांगितलं. घाणेरी ओळखतो ही थाप होती, दोन नोकऱ्या गेल्या, ही गेली तर मेहुण्याच्या दारात उभं राहायची सोय नाही. काकी भाकरी थापत होती. ती एवढंच म्हणाली, "थाप आमी पण मारतो. पण भाकरीची."

मग तिनं ती चार मुळं ओल्या पोत्यात गुंडाळली आणि आम्ही दोघं दिवस मावळायच्या आत देवळाच्या वाटेनं जाऊन ती होती तिथंच पुन्हा पुरली. पानं सगळी खुडून टाकली. "पानं ठेवलीस तर पाणी पिऊन बसतात, मुळाला काय उरत नाय," काकी म्हणाली. "रोज एक घागर घालायची. तू. मी नाय."

सकाळी सगळी वाडी देवळात जमली. कौल कसा लावतात ते मी पहिल्यांदाच पाहिलं. गुरव अंघोळ करून ओलेत्यानं गाभाऱ्यात गेला आणि देवीच्या शेंदरी दगडाला डाव्या-उजव्या अंगाला ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार.

"आई वाघजाई! परमुलखातला पोर, अजाणतेपणी राईत लोखंड घेऊन शिरला, तुझ्या मानाची भारंगी उपटली. त्याला वाडीत ठेवायचा की लावून द्यायचा, सांग आई!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो, पण ओठांमुळं ते कसंतरीच निघालं, आणि एवढ्या गंभीर वेळी पुढच्या रांगेतली एक बाई खुदकन हसली.

आम्ही वाट बघत राहिलो. पाकळी पडेना. ना डावी, ना उजवी. माझी नजर त्या दोन पाकळ्यांवरून हलत नव्हती. गुरवानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या तशाच. पोरं कंटाळून बाहेर खेळायला गेली. गुरवानं तिसऱ्यांदा विचारलं. देवी गप्प.

तेव्हा मागून काकीचा आवाज आला. "सखारामभावजी, आई काय बोलणार? तुमी भलतंच विचारता. ह्या पोराचं आईला काय पडलंय? तो आज हाय, उद्या नाय. घाणेरीचं विचारा की!"

"घाणेरीचं काय विचारायचं? राईत उगवलं ते आईचं."

"आईनं पेरलं ते आईचं. ही कोणी पेरली?"

"पाखरांनी आणली."

"मग?"

"पाखरं पण आईचीच," गुरव म्हणाला, आणि काही म्हातारे माना हलवून "बरोबर" म्हणाले.

काकी पुढं आली. "बरं. पाखरं आईची. मग झरा कोणाचा? ऐनाची रोपं कोणाची? भारंगी कोणाची? सगळं आईचं, आणि ही सगळ्यांच्या उरावर बसलीय. माजं लगीन होऊन मी आले तेवा ही हद्दीच्या बाहेर होती. मी बगितलंय. आपण कंदी विचारलं नाय म्हणून ती आईची झाली? एकदा विचारा तरी! नाय म्हणाली तर मी नदीवरनं पाणी आणीन मरेस्तवर."

मला वाटलं, आता काकीचीही धडगत नाही. पण गुरव हळूच म्हणाला, "खरंच कोणी विचारलं नाय कंदी."

त्यानं नव्या पाकळ्या लावल्या. "आई, ही काटेरी जाळी तुझी नसंल, बाहेरनं येऊन बसली असंल, तर उजवा दे."

शेवटचा शब्द निघतो न निघतो तोच उजवी पाकळी सुटली आणि गुरवाच्या हातावर पडली.

एकच कल्लोळ झाला. गुरवानं लगोलग दुसरा कौल लावला, लोखंड चालेल का? डावी पडली. लाकूड? उजवी. मी हिय्या करून विचारलं, "आणि माझं काय?"

गुरव म्हणाला, "तुझ्याबद्दल आई काय बोलली नाय."

"म्हणजे?"

काकी म्हणाली, "म्हणजे ऱ्हा. तुला मुळं नायत अजून, उपटायला वेळ लागणार नाय."

लाकडी पहारी

सरकारनं दिलेले बारा कोयते आणि चार पहारी काकीच्या पडवीत पडून राहिल्या. गुरवानं शिवणीच्या आणि खैराच्या लाकडाच्या, एका टोकाला चपट्या केलेल्या पहारी करून दिल्या. काम असं चाले: एकीनं काथ्याचा दोर झुडपाच्या बुडाला बांधायचा, तिघींनी ओढून धरायचा, आणि दोघींनी लाकडी पहार मुळाच्या गड्ड्याखाली सारून उचकटायची. गड्डा निघाला की राईबाहेर कातळावर नेऊन उलटा टाकायचा, मुळं आभाळाकडं. "सरळ टाकलीस तर कातळावर पण जीव धरील, एवढी चिवट हाय," काकी म्हणायची. फळ धरलेल्या फांद्या पाखरांनी बघायच्या आत चुलीत.

माझ्यासाठी काकीनं नवा नियम केला. मी चुन्याचा ठिपका लावण्याआधी पान चुरगळून हुंगायचं, दांड्यावर बोट फिरवायचं आणि मग मोठ्यानं नाव सांगायचं. चुकलं की त्या दिवशी भांडी मी घासायची. तीन दिवस मी भांडी घासली. करवंदीला घाणेरी म्हणालो, दिंड्याला भारंगी म्हणालो. बाया मुद्दाम कुठलीही पानं आणून विचारायच्या, "मुकादम, ही काय ओ?" एकीनं फणसाचं पान आणून विचारलं. मी इतका घाबरलो होतो की तेही हुंगलं.

नवव्या दिवशी सकाळी पान चुरगळलं आणि एकदम कुबट, उग्र, डोक्यात जाणारा वास आला. मी ओरडलो, "काकी! घाण येतेय!" आयुष्यात घाणीचा एवढा आनंद मला झाला नव्हता. बायांनी कामं टाकून टाळ्या वाजवल्या.

अकराव्या दिवशी झऱ्याची वाट उघडली. बाया ओळीनं आत गेल्या. एक म्हातारी ओंजळीनं पाणी प्याली आणि तिथंच बसून राहिली. त्या दिवशी मला कोणी चिडवलं नाही. मी गुपचूप जाऊन चार खड्ड्यांवर घागर घातली. वर अजून काही दिसत नव्हतं.

साहेब

पंधराव्या दिवशी साहेब आले. कातळावर उलट्या पडलेल्या मुळांची रास बघून खूश झाले. मग पडवीतले न वापरलेले कोयते बघून बुचकळ्यात पडले. मी कौलाचं सांगितलं. ते म्हणाले, "हे अहवालात कसं लिहायचं?"

काकी आतून म्हणाली, "लिवा, मालकिणीची परवानगी घेतली."

साहेबांनी दोन पानं तोडली, एक डाव्या हातात, एक उजव्या. "कुठलं घाणेरीचं?"

मी चुरगळलं, हुंगलं, मोठ्यानं सांगितलं. बरोबर आलं. मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "साहेब, मला तेव्हा येत नव्हतं. इथं शिकलो. काकीनं शिकवलं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ते मला तुझ्या पहिल्याच उत्तराला कळलं होतं. ज्याला घाणेरी माहीत असते तो 'ओळखतो' म्हणताना नाक मुरडतो. तू नाही मुरडलंस." मग त्यांनी काकीला विचारलं, "पण बाई, पावसाळ्यात बी रुजेल. नवीन रोपं येतील. मी काही दर वर्षी माणसं पाठवू शकत नाही."

"आमी रोज पाण्याला जाणार ना," काकी म्हणाली. "घागरीला एक रोप. एक उपटल्याबिगर घागर भरायची नाय. कौल हाय."

परतल्यावर

मी आता रोपवाटिकेत कायम आहे. वाफ्यात राईतल्या ऐनाची आणि किंजळीची रोपं बोटभर झाली आहेत, आणि मी रोज त्यांना पाणी घालताना उगाचच एखादं पान चुरगळून हुंगतो. सोबतचे हसतात.

निघालो तेव्हा भारंगीच्या चार मुळांपैकी एकावरही कोंब नव्हता. एस.टी.त बसल्यावर मला नोकरीपेक्षा त्याचीच काळजी होती. श्रावणात एक पोस्टकार्ड आलं. अक्षर शाळामास्तरांचं, पण बोलणं कुणाचं ते पहिल्या ओळीलाच कळलं. "मुकादमास आशीर्वाद. घागरीला एक रोप चालू आहे. चारातली तीन फुटली, एक मेली, ती तुझ्या नावावर लिहिली आहे. पहिली जुडी देवीला दाखवली. दुसरी तुझ्या वाटची होती, ती आम्हीच खाल्ली. नाकाची काळजी घे."

काकी, ह्या उपकाराची फेड मी कशी करणार ते ठरवलं आहे. एकदा पौषात तुला मंगळवेढ्याला आणीन. काळ्या रानात, डोक्याच्या वर गेलेल्या जोंधळ्यात उभी करीन, आणि कोवळा हुरडा भाजून तुझ्या ओंजळीत घालीन. मग पिकात वाढलेलं एकेक तण आणून तुला विचारीन, काकी, ही काय गो? तुला एकही ओळखता येणार नाही. मी पोटभर हसेन. आणि मग तुझं बोट धरून एकेका दांड्यावरून फिरवीन, आणि तू नाव बरोबर सांगेपर्यंत भांडी मीच घाशीन.